थांबण्याआधीचा हलका पाय

प्रिय बाबा,

आई म्हणते, माझा विषय निघाला की तुम्ही अजूनही पेपर तोंडासमोर धरता. अकरा महिने झाले! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या मुलीने भौतिकशास्त्राची पदवी अर्धवट सोडली आणि बस चालवायला घेतली, म्हणून केवढा हा अबोला. म्हटलं, पत्र पाठवावं. ते तरी तोंडासमोर धराल.

आधी माझी फजिती ऐका. आमच्याकडे पास व्हायचं तर बसच्या मधल्या वाटेत काठोकाठ भरलेली बादली ठेवतात आणि थेंब न सांडता बस थांबवायची. मला वाटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! गतीचे तिन्ही नियम मी दुधाचे दात पडायच्या आधी पाठ केलेत. वेग पाहिला, अंतर धरलं, ब्रेक अगदी एकसारखा दाबला. शेवटी बस गपकन थांबली आणि अर्धी बादली मागे बसलेल्या शिकवणाऱ्या बाईंच्या बुटांत! बाई म्हणाल्या, अगं शहाणे, इतका वेळ लावलेला जोर एकदम काढून घेतलास तर पाणी उसळणारच. थांबायच्या जरा आधी पाय हलका कर. दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पाय हळूच उचलला आणि पाणी नुसतं हललं. बाबा, जडत्व मला त्या दिवशी कळलं. तुमच्या वर्गात नुसते मार्क मिळाले होते. चिडू नका हं.

आता माझ्या बसमध्ये एक शिंपीकाका उभ्या उभ्या सुई ओवतात. एक आजी म्हणतात, तुझ्या गाडीत पाठ दुखत नाही. ऐकून अंगावर मूठभर मांस चढतं.

आणि शुक्रवारी तुम्ही चढलात. टोपी कपाळावर ओढली होतीत, पण तुमची चाल लपते होय? जागा रिकाम्या असून मधोमध उभे राहिलात, दोन्ही हात पाठीमागे बांधून. आरशात पाहिलं आणि काळजात धस्स झालं. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने नाही झाले, बाबा! नऊ थांबे, एक चढ, दोन सिग्नल. मी घामाघूम. तुम्ही एकदाही दांडी धरली नाहीत. मग मागच्या दाराने गुपचूप उतरलात, आणि मी रडत हसत तशीच बसून राहिले. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून थकला. रविवारी मला सुट्टी आहे, मी घरी येतेय. दार आईने नाही, तुम्ही उघडा.

तुमचीच,
अर्धी शास्त्रज्ञ, पूर्ण ड्रायव्हर