ओले पाय

म्यानमार सीमा
२ जुलै २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचले, जेवते, मलेरियाची गोळी घेते. तेव्हा काळजीची पहिली दहा वाक्यं तू गाळलीस तरी चालेल. इथे फोन लावायला बंदी, म्हणून पत्र औषधांच्या गाडीने येतंय.

इथल्या बंडखोर सैन्यासाठी आम्ही तिघं डॉक्टर आलोय, तिघंही साधे नागरिक. गोळी लागलेल्यांचं इस्पितळ वेगळं. आमच्या वाट्याला जुलाब, खरूज आणि पाय. सतत ओल्या बुटांत राहून तळव्यांची कातडी सुटते. आपल्या चिखल्या त्यापुढे किरकोळ. औषधाइतकेच कोरडे मोजे लागतात. तिथल्या मराठी मंडळात शब्द टाकशील? शुभदावहिनींना नमस्कार, ईशानीला पापा.

तुझी, बऱ्यापैकी शहाणी,
अवंतिका

रिचमंड हिल
४ ऑगस्ट २०२५

चि. अवंतिकास,
अ. उ. आ.

मंडळाच्या पिकनिकला मोजे मागितले आणि बेसमेंट भरलं. उन्मेषने एकच मोजा दिला; दुसरा ड्रायरने खाल्ला म्हणे. ईशानी सगळ्यांना सांगत फिरते, की माय आत्या इज फिक्सिंग अ होल आर्मी. पहिली खोकी पाठवली आहेत.

एक विचारू? इथे कॅनडात, तुझ्या सस्काटूनला, लोकांना फॅमिली डॉक्टर मिळत नाही आणि आमची डॉक्टर जंगलात. मला भीती वाटते, अवू. लवकर ये.

वाट पाहणारा,
जनार्दनदादा

म्यानमार सीमा
२८ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मोजे मिळाले, पाय बरे होऊ लागले, मी खूश. मग मिन नावाचा सैनिक सापडला. हा युद्धाआधी शाळेत गणित शिकवायचा. तुझे लाल मोजे उशाखाली घडी करून ठेवलेले, आणि हा पाणी भरलेल्या चरात पाय बुडवून उभा. मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, की बरे झालेल्यांना टेकडीवर लढायला पाठवतात, आणि त्याची बायको बाळंत व्हायची आहे. असे बरेच जण आहेत. तंदुरुस्त असल्याची सही माझी असते. त्यांना रागवू, की दिसलंच नाही म्हणू?

गोंधळलेली,
अवंतिका

रिचमंड हिल
१३ सप्टेंबर २०२५

चि. अवंतिकास,
अ. उ. आ.

मी कॉम्प्युटरवाला, मला डॉक्टरकीतलं काय कळतंय? पण पाय कुजून माणूस लगेच मरत नाही, टेकडीवर मरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस. बाळाला बाप मिळू दे. उरलेली खोकी मी इथेच थांबवतो. वहिनीचंही हेच मत आहे.

सदैव तुझ्या बाजूचा,
दादा

म्यानमार सीमा
६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी गप्प बसले. मग हुकूम आला, की उभं राहता येणाऱ्या प्रत्येकाने टेकडीवर जायचं. माझी सही कुणी मागितली नाही. मिनचा सुजलेला पाय बुटात जाईना; दोघांनी मिळून कोंबला. जाताना त्याने मला नमस्कार केला.

टेकडी दोन दिवसांत सोडावी लागली. ज्यांना पळता आलं ते परत आले. मिन आला नाही. त्याला मुलगी झाल्याचा निरोप काल आलाय, आणि तो कुणाला द्यायचा हे इथे कुणालाच कळत नाही.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. मीच विचारलं होतं. राहिलेली खोकी पाठव. मी आता सगळ्या सैनिकांचे पाय रोज स्वतः पुसते, कुणी चरात उभा दिसला की ओरडते, आणि पाय बरा झाला की त्याला मैदानात पळायला लावते. ते माझ्याकडे शत्रूसारखं बघतात. त्यांचं टेकडीवर जाणं माझ्या हातात नाही, दादा. पळत परत येता यावं, एवढंच बघते.

मला ये म्हणू नकोस. म्हणालास तर मी येईन.

तुझीच,
अवंतिका