मागची बाजू

३ नोव्हेंबर, सोमवार

परत बंद पडलं! शुक्रवारी सत्त्याहत्तर टक्क्यांवर, आज एक्क्याऐंशीवर. प्रगती आहे म्हणायची.

पडद्यावर तीच चौकट — 'मेमरी अपुरी आहे.' खाली एकच बटण — 'ठीक आहे.' काय ठीक आहे? डोंबल!

मुलींच्या वसतिगृहाचं चित्र. सहा मीटर रुंद. चौदा तारखेला वसतिगृह बांधणाऱ्या संस्थेची सभा आहे, तिथे अख्ख्या भिंतीवर लागणार. आमच्या आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या, "अगदी नाक लावून पाहिलं तरी वीट न् वीट दिसली पाहिजे." दिसेल की! कॉम्प्युटरवरच्या त्या विटा मीच बसवल्यात. पण त्यातून एवढं मोठं चित्र बाहेर काढायचं ते या मशीनने, आणि मशीन आठ वर्षांचं म्हातारं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ब्राउझर बंद. मेल बंद. गाणी बंद. श्वास तेवढा चालू ठेवला. सकाळी नऊला लावलं, पावणेबाराला आडवं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कॉम्प्युटरवाला आला. झाकण काढलं, फुंकर मारली, मान हलवली. "ताई, दोन खोल्यांच्या घरात तुम्ही अख्खी वरात उतरवताय."

मग खोल्या वाढव ना बाबा! तर म्हणे या जुन्या बोर्डावर बसणारी मेमरी आता सहज मिळत नाही. मागवतो. पंधरा दिवस धरा.

सभा नऊ दिवसांवर!

घरी येऊन चरफडत होते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चित्रच काढायचंय ना? मग कागदावर काढ. कागदाला कुठे मेमरी लागते?" आधी हसू आलं. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झाडं एकशे चाळीस, आणि दर झाडाला लाखभर पानं. आज एकच झाड खरं ठेवलं, बाकी सगळी त्याची सावली — म्हणजे मशीनने एकदाच लक्षात ठेवायचं आणि एकशे चाळीस ठिकाणी दाखवायचं. भिंतींचे, फरशीचे फोटोही निम्म्याने लहान केले. दिवसभर चाललं. ब्याण्णव टक्के! मी डबासुद्धा उघडला नाही, हललं तर पडेल म्हणून. पडलंच.

तेवढ्यात मॅडम. "अंगणात मुली हव्यात गं. वीस-पंचवीस. हसऱ्या."

म्हटलं, "मॅडम, आहे तेच मावत नाहीये."

"तू करशील गं."

झालं. चौदा वर्षांपूर्वी मी या ऑफिसात झेरॉक्स काढायला लागले. मॅडमनी एक दिवस खुर्ची ओढली, माझ्या हाताखाली माउस सरकवला आणि म्हणाल्या, "करून बघ. तू करशील." तेव्हापासून त्या असं म्हणाल्या की मी करतेच. सगळा घोळ तिथेच आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

नवा डाव — चित्राचे बारा उभे तुकडे. एकेक पट्टी वेगळी काढायची, मग जोडायच्या. काल दोन निघाल्या. नाचायचीच बाकी होते! आज शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर पहिलीत सकाळ, दुसरीत दुपार. प्रत्येक पट्टीचा सूर्य वेगळा!

पुन्हा पहिल्यापासून. उजेडाचा हिशेब एकदाच करून साठवला, तोच सगळ्यांना दिला. आता जुळतंय. पण मधल्या पट्ट्या — जिथे झाडं, मुली, खिडक्या सगळी गर्दी — तिथे तेच. चौकट. 'ठीक आहे.'

नवरा म्हणाला, "झोपेत 'पडू नकोस, पडू नकोस' म्हणत होतीस."

१० नोव्हेंबर, सोमवार

शेवटचा उपाय. पुढून जे दिसत नाही ते सगळं उडवायचं. मूळ फाइल बाजूला ठेवली, तिची नक्कल उघडली आणि इमारत फिरवली.

मागची बाजू. आठ महिने हे वसतिगृह माझ्या पडद्यावर आहे आणि मी एकदाही मागे गेले नव्हते! मॅडमच्या नकाशांवरून ढाचा उभा राहतो, दर्शनी भाग नटवायचं काम तेवढं माझं. मागे कोण जातंय?

पाण्याच्या टाक्या — उडवल्या. पाइप — उडवले. मोऱ्या, कपाटं, धडाधड. मग मागचा जिना. तळमजल्यापासून पहिला, पहिल्यापासून दुसरा. आणि तिसऱ्यावर जिनाच नाही. दुसऱ्या मजल्याच्या छताला जाऊन टेकलाय नुसता. त्याच्या वर, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या जागी खोल्या. दारं, खिडक्या, खाटा — सगळं नीट मांडलेलं.

म्हणजे वरच्या दोन मजल्यांना उतरायला पुढचा एकच जिना. खाटा मोजल्या. शहाण्णव.

नजरचूक असणार. नकाशाची पानं उलटीपालटी होतात कधी कधी. उद्या मॅडमना सांगते.

पाचवी पट्टी निघाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. मॅडम सह्या करत होत्या. हात थांबला.

"तू मागे कशाला गेलीस?"

"मेमरीसाठी."

"मग उडव ते आणि पुढचं बघ. नजरचूक असेल. सभा होऊ दे, मी बघते."

बरं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणायचं. त्या बघतील.

सातवी पट्टी दोनदा पडली. रागाने टेबलाला लाथ घातली. टेबलाला काही झालं नाही. अंगठा सुजलाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवरा लिफ्टची कामं करतो. जेवताना सहज म्हटलं, "वरच्या मुलींना जिना एकच आहे, पण लिफ्ट आहेत म्हणा दोन."

त्याचा घास हातातच राहिला. "आग लागली की लिफ्ट आधी बंद होते. तशीच असते ती. आम्हीच तशी लावतो."

मग तो जेवला. माझं जेवण तिथेच संपलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! बाराच्या बारा पट्ट्या! सांधा कुठेही दिसत नाही. सकाळचं ऊन विटांवर तिरकं पडलंय, अंगणात पंचवीस मुली हसतायत. खोटं कशाला बोलू — इतकं देखणं काम मी आजवर केलेलं नाही.

मॅडमनी पाठीवर हात ठेवला. "म्हटलं नव्हतं?"

मी विचारलं, "आणि जिन्याचं?"

"उद्याचं उद्या." हात पाठीवरून निघाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

माझं मशीन गाडीत घालून सभेला नेलं. कोणी इकडून-तिकडून काही दाखवा म्हटलं तर असावं म्हणून. भिंतीवर चित्र लागलं होतं. लोक जवळ जाऊन विटांना बोटं लावून बघत होते. अध्यक्ष म्हणाले, "हे खोटं आहे असं वाटतच नाही." सगळे हसले. मॅडम खुलल्या.

संस्थेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, हातात काठी. त्या बसल्या जागेवरून चित्र न्याहाळत होत्या. मग म्हणाल्या, "मुली छान हसतायत. पण या झोपणार कुठे? जरा मागून दाखवा की."

मॅडम हसून म्हणाल्या, "अहो बाई, त्या मशीनला ते झेपत नाही. मेमरी कमी पडते. हिलाच विचारा, दोन आठवडे नुसती रडतेय!"

सगळे माझ्याकडे वळले. हसतच. मॅडमही बघत होत्या — ती नजर मला पाठ आहे. तू करशील गं.

आणि खोटं कुठे होतं? दोन आठवडे मी दुसरं काय बोलत होते! नुसती मान हलवायची. एवढ्या मोठ्या चित्राला मेमरी पुरत नाही हे खरंच, पण साधा ढाचा फिरवायला पुरते, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

"झेपतं," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "फक्त जरा वेळ लागतो."

मूळ फाइल उघडली. पडदा गोठला. पंखा घरघरायला लागला. दहा सेकंद. वीस. कोणी खोकलं. आणि मी — दोन आठवडे ज्याच्या पाया पडले की पडू नकोस — त्याच मशीनला मनात म्हणत होते, पड रे. आता पड. नेहमीसारखं पड आणि सोडव मला.

पडलं नाही मेलं.

इमारत सावकाश फिरली. मुख्याध्यापिकाबाई उठल्या, काठी टेकत पडद्यापाशी गेल्या आणि काठीचं टोक दुसऱ्या मजल्यावर ठेवलं. "हा जिना जातो कुठे?"

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं.

"मी विचारतेय, हा जिना जातो कुठे?"

अध्यक्ष चष्मा पुसायला लागले. मॅडम म्हणाल्या, "नजरचूक आहे. दुरुस्त होईल."

तासाभराने ठरलं — वरच्या मजल्यांचं काम थांबवायचं. जिना चौथ्यापर्यंत नेल्याशिवाय एक वीट चढणार नाही. बाईंनी तसं लिहून घेतलं, अध्यक्षांची सही घेतली.

मशीन मी एकटीने गाडीत ठेवलं. मॅडम दुसऱ्या गाडीने गेल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसला गेले नाही. कोणी विचारलंही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "झालं ना चित्र? मग तोंड का असं?"

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी मॅडमचा फोन. मी म्हटलं, "मॅडम, सगळ्यांसमोर... नजरचूक होती हे मला कळत होतं, तरी —"

"नजरचूक नव्हती गं. पहिल्या नकाशात जिना वरपर्यंत होता. तो काढला की चोवीस खाटा जास्त बसत होत्या. मीच खोडला."

मी फोन कानाला धरून बसले. त्यांनीही फोन ठेवला नाही.