दोनशे ग्रॅमचं डोकं

पांढरकवडा, मंगळवार

प्रिय राखी,

तू हैदराबादच्या मैत्रिणींना सांगतेस की बापूंनी मला नऊ हजारात गोल्फचा ड्रायव्हर, लांब फटक्याची काठी, बनवून दिला. बेटा, नऊ हजार नुसत्या दांडीचे होते. डोकं नागपुरातून जुन्यात घेतलं, ते साडेसहा. रबरी मूठ आठशे. डोक्याखाली चिकटवलेलं शिसं टायरवाल्याकडचं, चाकांना लावतात ते, ठोकून पातळ केलेलं, फुकट. ते सराफाच्या काट्यावर तोलून घ्यायला दोन चहा. नागपूरच्या तीन चकरा, आणि माझ्या बायकोचा, तुझ्या याडीचा, दोन दिवसांचा अबोला. एवढा हिशोब दिवाळीतच झाला होता. परवा रविवारी त्यात तांड्यातल्या बाबूसिंगचा जीव जमा होणार होता, तो चार बोटांनी वाचला.

म्हणून जे सगळ्यांत आधी लिहायला पाहिजे ते आता लिहितो. तो ड्रायव्हर मारू नको. चौदा तारखेच्या स्पर्धेत नको, सरावालाही नको, कुणाला बघायला म्हणूनही हातात देऊ नको. त्याचं डोकं निघणार आहे. आज निघेल की आणखी पन्नास फटक्यांनी निघेल हे मला सांगता येत नाही, पण निघेल.

रविवारी संध्याकाळी मी तुला मेसेज टाकला होता की त्याचं वजन थोडं चुकलंय, सध्या वापरू नको. सोमवारी सकाळी तू हसणारी तोंडं पाठवलीस. वर लिहिलंस, वजन एकदम मस्त आहे बापू, दोनशे दहा यार्ड जाते. खाली व्हिडिओ. बेटा, वजन चुकलेलं नव्हतं, ते मी खोटं लिहिलं. माझ्या त्या खोट्यामुळे तू सोमवारी सकाळी पुन्हा मैदानावर गेलीस, आणि व्हिडिओत माझी नात नयन तुझ्यापासून पाच पावलांवर तिची छोटी काठी घेऊन उभी आहे. तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. तू काठी मागे नेलीस की मी बोटाने नयनला झाकतो. फटका बसून गेलेला आहे, पोरगी हसते आहे, हे डोळ्यांना दिसतं. तरी पुढच्या वेळी बोट तिथे जातंच.

आता काय झालं ते नीट सांगतो. तू म्हणशील, बापूंची मशीन गरम झाली, आता लवकर थांबत नाही.

तुझा आणि माझा, दोन्ही ड्रायव्हर मी एकाच दिवशी बसवले, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी. एकाच वाटीत कालवलेला डिंक, दोन नळ्यांतून येतो तो. दांडीचं टोक घासलं, स्पिरिटने पुसलं, डिंक लावून डोक्यात सरकवलं, फिरवून बसवलं. इथवर सगळं बरोबर होतं. त्यानंतर ते चोवीस तास नुसतं उभं ठेवायचं असतं. कुणी हात लावायचा नाही. पण तुझी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, थंडीही पडली होती, आणि मी चाळीस वर्षं जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग भरणारा माणूस. कॉइलवर वार्निश मारलं की आपण ती दोनशे वॅटच्या बल्बाच्या पेटीत ठेवतो, चार तासांत खडखडीत. मी दोन्ही ड्रायव्हर त्याच पेटीत ठेवले. जरा अक्कल वापरली असती तर कळलं असतं की कॉइल उघडी असते आणि दांडी आतून पोकळ. गरम झाल्यावर आतली हवा फुगते, तिला निघायला वाट नसते, मग ती ओल्या डिंकातूनच बुडबुडे काढत बाहेर येते. वरून डिंक दगडासारखा दिसतो, आत पोकळ्या. हे मला काल मोडलेला तुकडा करवतीने उभा चिरल्यावर दिसलं. मधमाशीच्या पोळ्यासारखं.

पण पेटीतून काढल्यावर मी ते तपासलं होतं, तुझ्यासमोरच. आठवते? मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि डोक्यावर लाकडी चमच्याने टिचकी मारली. बेअरिंग तपासताना मोटरीला पेचकस लावून त्याला कान टेकवतो तसंच. तू नयनला सांगितलंस, बघ, आजोबा डॉक्टर झाले. मी म्हटलं, पास. आणि तू विश्वास ठेवलास. का नाही ठेवणार? लहानपणापासून तू पाहिलंस. मी स्कूटरवरून जाताना कुणाच्या विहिरीवरची मोटर ऐकून सांगत होतो, भाऊ, मागचं बेअरिंग गेलं, आठवडाभरात जळेल. लोक हसत, आणि आठव्या दिवशी मोटर बैलगाडीत टाकून दुकानात आणत. चौदा वर्षांचा असताना तांड्यातून नागपूरला गेलो, वाइंडिंगच्या दुकानात झाडू मारला, आणि शेठला तिसऱ्या महिन्यात कळलं की या पोराला अक्षर येत नाही पण मोटर येते; अक्षर मी मागाहून शिकलो. हे दुकान, हे घर, तुझं इंजिनिअरिंग, सगळं या दोन कानांवर उभं राहिलं. गोल्फसुद्धा. गोल्फच्या मैदानावर पाण्याचे फवारे चालवणारा पंप दुरुस्त करायला गेलतो, तर झाडामागून कुणी बॉल मारत होतं. मी न बघताच मॅनेजरला म्हटलं, हा चांगला लागला, हा खराब, हा पुन्हा खराब. बॉल मारणारा म्हातारा झाडामागून येऊन म्हणाला, तुम्ही कोण? त्यानेच मला त्याची जुनी सात नंबरची लोखंडी काठी दिली. पुढचं तुला माहीतच आहे. सोयाबीन निघाल्यावर तांड्याजवळच्या वावरात जाळी लावली तेव्हा सगळे म्हणाले, पूनमसिंग म्हातारपणी कोंबड्या पाळणार.

रविवारी त्याच वावरात होतो. बाबूसिंग नेहमीसारखा बकऱ्या घेऊन आलता, बाजूला निळ्या ड्रमला टेकून बसला होता. तो माझ्या प्रत्येक फटक्यावर काहीतरी बोलतोच. "पूनम्या, एवढी ताकद वखरावर लावली असती तं दोन एकर निघालं असतं." मी विसेक बॉल मारले. एकविसावा मारला आणि हात एकदम हलका झाला. बॉल जागेवरच. मी दांडीकडे पाहिलं तर टोकाला काहीच नाही. मग बाबूसिंगकडे पाहिलं. तो तसाच बसलेला, आणि त्याच्या कानाशेजारी ड्रमला मुठीएवढं भोक. त्यातून पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं. दोनशे ग्रॅमचं डोकं, राखी, आणि ड्रमचं प्लॅस्टिक अर्धा बोट जाड. तो उठला, भोकात हात घातला, डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "हाव, मले वाटलं बॉल याहून लहान राह्यते."

मी हसलो नाही. तिथेच ढेकळांवर बसलो. तो माझ्याजवळ आला, पाणी पाजलं. मग सहज बोलला, "पण तुले समजलं कसं नाही? पाच-सात फटक्यांपासून किर्र किर्र वाजून राह्यलं होतं. मले वाटलं, महागाचं सामान हाय, असंच वाजत असन."

मला काही ऐकू आलं नव्हतं.

ते मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, हो, ऐकलं होतं, दुर्लक्ष केलं. घरी येऊन तुला तो वजनाचा मेसेज टाकला. तुझ्या ड्रायव्हरमध्येही तीच पोकळी असणार हे मला कळत होतं. पण मनात एक चोर बसला होता. तो म्हणत होता, कदाचित तिचा चांगला चिकटला असेल. तिचा तू तपासून दिला होतास.

मग सोमवारी तुझा व्हिडिओ आला. आवाज पूर्ण वाढवला. फोन कानाला लावला, हाडाला टेकवला, इकडचा, तिकडचा. मला फटका ऐकू येतो. ठण्ण, जाड, भरीव. मागे काही नाही. तुझी याडी गवार निवडत होती, तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, डोळे मीट आणि सांग काय ऐकू येते. तिला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. तिने ऐकलं आणि म्हणाली, "ठण्ण होते, अन् मांगून बारीक किर्र. दरवाज्याच्या बिजागरीवानी." पुन्हा लावला. पुन्हा किर्र. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा ती ऐकायचं सोडून माझ्याच तोंडाकडे बघत बसली. "तुमाले नाही येत काय ऐकू?"

मी म्हटलं, फोन जुना झाला.

तिने मग लगेच तुला फोन लावला, ते तुला माहीत आहे. ड्रायव्हर वापरू नको म्हणाली. तू विचारलंस, काहून? तिला डिंक, बल्ब काही माहीत नव्हतं, ती एवढंच म्हणाली, बापू म्हणतात. तेव्हा तू म्हणालीस, बापूंना द्या फोन, त्यांनी स्वतः सांगावं काय बिघडलं ते, मग ठेवते बाजूला. तुझंही बरोबर आहे, दोन वर्षं त्या स्पर्धेसाठी मेहनत करून राह्यलीस. याडीने फोन माझ्यापुढे धरला. मी हातानेच नको म्हटलं आणि अंगणात निघून गेलो. तुला वाटलं असेल, बापूंना राग आला.

राग नव्हता. भीती होती, आणि ती आजची नाही. दिवाळीत सकाळी ऑस्ट्रेलियातली स्पर्धा लागली होती. आपण चहा घेऊन बसलो. मी नेहमी डोळे मिटून सांगतो, हा काठीच्या टाचेवर लागला, हा मधोमध, आणि मग तू स्क्रीनवर बघून म्हणतेस, बरोबर. या वेळी तू म्हणालीस, बापू, आज डोळे उघडे? मी म्हटलं, म्हातारपणी झोप लागते मिटले की. तू हसलीस. मी खेळाडूच्या खांद्याकडे आणि त्याच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडीच्या तोंडाकडे बघून सांगत होतो. नवातले सात बरोबर आले. तेव्हा मला वाटलं, निभलं. परवापर्यंत मी असाच निभावत होतो. दुकानात पोरांना म्हणायचं, तू ऐक अन् सांग, शिकलं पाहिजे. रस्ता ओलांडताना आधी दोन्हीकडे मान. मागच्या महिन्यात केळापूरच्या वळणावर एक ट्रक माझ्या बाहीला घासून गेला. लोक ओरडत होते म्हणे. मला वाऱ्याचा झोत लागला तेव्हा कळलं.

हे सगळं माझ्या एकट्याचं होतं तोवर मी लपवलं. कान गेला तर गेला, माझा गेला. पण माझा गेलेला कान तुझ्या हातात दांडी होऊन फिरतो आहे आणि त्याच्यापासून पाच पावलांवर नयन उभी राहते, हे मला झेपत नाही. फोन वाजल्याचं दिसलं की आधी स्क्रीनवर तुझंच नाव आहे का बघतो, आणि असलं की उचलायला हात होत नाही. तुझ्या फोनवरून कुणीतरी दुसरंच बोलत असलं तर? आणि बोललेलं मला कळलंच नाही तर?

हे पत्र हैदराबादच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीवाल्याजवळ देतो आहे, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. ड्रायव्हर त्याच्याच परतीच्या गाडीत टाक, डोक्याला गोणपाट गुंडाळून. मी तो गरम करून सोडवीन, नव्याने बसवीन, चोवीस तास उभा ठेवीन, लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळून वजन टांगून ओढून बघीन. कानाने नाही. बारा तारखेला तुझ्याकडे येईल. नाही आला तर तीन नंबरच्या लाकडी काठीने मार, दोनशे दहाच्या जागी एकशे ऐंशी जाईल. तुला राग आला तर माझ्यावर काढ, लिहून काढ.

तू म्हणालीस बापूंनी स्वतः सांगावं, म्हणून हे लिहिलं. फोनवर मला सांगता आलं असतं, तू पुढे काय विचारलंस ते मात्र कळलं नसतं. काल दुपारी याडी मला बसमध्ये बसवून यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. पहिले जाड आवाज आले, ते मी सगळे दाबले. मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं मशीन बंद पडली. बाहेर आल्यावर त्या मॅडमने कागदावर रेघ दाखवली, ती उजवीकडे दरीसारखी खाली गेलेली. मोटरीची घरघर राहिली आहे म्हणाल्या, बारीक आवाज दोन्हीकडून गेले, चाळीस वर्षांच्या गोंगाटाने. बारीक म्हणजे कोणते, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाखरं, घंटी, लहान मुलं. राखी, नयन फोनवर माझ्याशी काय बोलते ते मला जूनपासून एकदाही ऐकू आलेलं नाही. मी नुसतं हो बेटा, हो बेटा म्हणतो.

तुझाच
बापू