मशीन अडकतं म्हणून

रविवार, १ फेब्रुवारी

आज सकाळी लवकर आंघोळ उरकली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि देवापुढे बसलो. रविवारची ही माझी जुनी रीत. दिवा लावून, स्तोत्र संपेपर्यंत मशीन जेमतेम जागं होतं. आज तर दुसरं स्तोत्रही म्हणून झालं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. एका अर्थी या मशीननेच माझी भक्ती वाढवली.

मग लेकीचा कॉल. नोकरीसाठी ती दूरच्या शहरात. तिची आई गेली तेव्हा घरी आली होती, त्यानंतर नाही. आमची भेट रविवारी, पडद्यावर. आज सांगायचं पक्कं ठरवलं होतं, "चार दिवस घरी ये." मी "चार" म्हणालो आणि चित्र थिजलं. तिचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. पुढचा सगळा वेळ 'बाबा, ऐकू येतंय का?' आणि 'येतंय, पण तू हलत नाहीस' यातच गेला. म्हणाली, अहो बाबा, किती खिडक्या उघड्या ठेवल्यात, आधी त्या बंद करा. केल्या. त्यात तिचीच बंद झाली.

दोष मशीनचा. निश्चय: मेमरी वाढवायची.

सोमवार, २ फेब्रुवारी

दिवसभर बस आगारात चौकशीच्या खिडकीवर. कोण कधी येणार, हे मी सगळ्यांना सांगतो.

शेजारच्या तिकीट खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, मेमरी वाढवून काही होत नसतं, माझ्या दिरानं वाढवली, मशीन होतं तस्संच. मी म्हटलं, दिराची गोष्ट वेगळी.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं खोलून पाहिलं. म्हणाला, काका, मशीन म्हणजे स्वयंपाकघर समजा. कपाट मोठं आहे, पण ओटा लहान. एक भांडं ठेवलं की दुसरं खाली उतरवावं लागतं. ओटा वाढवला की फरक पडेल. मात्र ओट्यावर ठेवायला काही नसेल, तर कितीही वाढवा, उपयोग शून्य. मग विचारलं, करता काय यावर? म्हटलं, मुलीशी बोलतो. म्हणाला, मग मोबाइलवर बोला की! म्हटलं, मोबाइलवर तिचा चेहरा सुपारीएवढा दिसतो. त्यानं लगेच मेमरीची ऑर्डर लिहून घेतली. समजूतदार माणूस.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मेमरीची पट्टी बसवून आणली. केवढीशी, मोडक्या कंगव्याएवढी. बटण दाबलं, दिव्याकडे वळलो, तोवर पडदा तयार! देवापुढे ओशाळल्यासारखं झालं. स्तोत्र भराभर म्हटलं.

आता वाक्य न अडकता पोचणार. आरशापुढे सराव केला. "चार दिवस घरी ये गं." शेवटचा 'गं' ठेवावा की नाही, ठरत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

चित्र लख्ख. तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा वाचता आलं. बोलताना ती बाजूला बघत होती. तिथे मोबाइल असावा, कारण मधेच हसली, आणि मी तेव्हा गुडघेदुखीवर बोलत होतो. कामाचा व्याप मोठा. पोरगी कर्तबगार.

जेवलात का? जेवलो. थंडी आहे का? आहे. मग दोघं एकमेकांकडे लख्ख बघत राहिलो. म्हणाली, वा बाबा, मस्त चालतंय की मशीन! आता मला काही कामच उरलं नाही. बरं, ठेवू?

म्हटलं, ठेव.

वाक्य राहिलं. इतक्या झटपट यंत्रावर अशी नाजूक गोष्ट बोलता येत नाही. माणसाला जरा उसंत हवी.

बुधवार, ११ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. नवी पट्टी या मशीनला मानवत नाही. पंखा फार घरघरतो. शिवाय प्रार्थना घाईत होते, ती वेगळीच.

दुरुस्तीवाल्याला म्हटलं, काढून टाक. म्हणाला, काका, चांगली चाललेली मेमरी कुणी काढतं का? डोकं ठिकाणावर आहे ना? म्हटलं, ओटा फार मोठा झाला रे, एकट्या माणसाला. त्यानं काढून दिली. पट्टी देवाच्या फळीवर ठेवली. सांभाळ म्हटलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

दोन्ही स्तोत्रं सावकाश झाली. प्रसन्न वाटलं.

कॉल लागला आणि लगेच अडखळू लागला. लेक पडद्याजवळ सरकली. म्हणाली, हे काय परत? नवी मेमरी घातलीत ना? फसवलं त्यानं तुम्हाला! नंबर द्या मला, बघतेच त्याच्याकडे. मी म्हटलं, माणूस सज्जन आहे गं, मशीनचाच स्वभाव तसा. मग हे दाबा, ते दाबा. अहो उजवीकडे, बाबा, उजवीकडे! ते डावं झालं! ओरडली, कपाळाला हात लावला, खळखळून हसली. एकदाही बाजूला बघितलं नाही.

आणि चित्र थिजलं. आवाजही गेला. या वेळी तिचे डोळे उघडे होते, सरळ माझ्याकडे. हीच वेळ. म्हटलं, "चार दिवस घरी ये गं." 'गं' सुद्धा नीट आला.

बऱ्याच वेळानं ती हलली. म्हणाली, बाबा, मधलं काहीच ऐकू नाही आलं. काही म्हणालात का?

म्हटलं, काही नाही, जेवलीस का, एवढंच.

असो. ठरवलं होतं, ते आज एकदाचं सांगून टाकलं.