मैदानात वाल

२४ नोव्हें.
भात झोडून झालं. प्रकाशभाऊजी शेत बघून गेले. मोठे दीर, मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचे क्रिकेटचे सामने दरवर्षी माझ्याच शेतात. माझ्या बाबांनी माझ्या नावावर केलेलं, रस्त्याला लागून, सपाट. भाऊजी विचारत नाहीत, सांगतात. यंदा मीच विचारलं, मुलींचा सामना ठेवणार ना? म्हणाले, हो हो, फायनलच्या आधी. लेकीने, दर्शूने, लगेच आशागडच्या मैत्रिणींना फोन लावले.

२९ नोव्हें.
कॉलेजातून आली की दर्शूची बोलिंग सुरू. भिंतीचा गिलावा उडाला. हे रागावले नाहीत. बापाला कौतुक आहे, दाखवत नाहीत.

३ डिसें.
चारोटी नाक्यावर बॅनर लागला. मुलींच्या सामन्याचं नाव नाही. दर्शू विचारायला गेली. मंडळाच्या सगळ्या पोरांसमोर भाऊजी म्हणाले, "तुम्ही साड्या नेसून या. बक्षिसांचं ताट धरायला मुली लागतातच." सगळे हसले. घरी येऊन तिने सरळ आवाजात सांगितलं. रडली असती तर बरं झालं असतं.

४ डिसें.
सकाळीच ट्रॅक्टर बोलावला. शेत उभं-आडवं नांगरलं, मागोमाग वाल पेरले. हे बांधावर उभे. म्हणाले, दादा कायमचा तुटेल. तुटू दे. आज फार गोड वाटतंय. लिहायला लाज नाही.

५ डिसें.
भाऊजी आले. ढेकळांकडे बघत राहिले. संघांना तारखा दिल्यात, आता तोंड कुठे दाखवू, म्हणाले. चहा विचारला नाही. म्हटलं, "साडी नेसून या भाऊजी. वाल खुडायला बायका लागतातच." तोंड पडलं. दिवसभर तेच आठवून कामं उरकली.

८ डिसें.
दर्शू माझ्याशी बोलत नव्हती. आज जेवताना बोलली. "तुला काकांना पाडायचं होतं. आम्हाला खेळायचं होतं. आता कोणीच खेळणार नाही."
मी तिच्यासाठीच तर... की नाही? राग मात्र तसूभर कमी नाही.

११ डिसें.
भाऊजींनी जाऊबाईंना पाठवलं. मुलींचा सामना घेतो, पण थोड्या ओव्हरचा, जेवणाच्या सुट्टीत. शेत ते स्वतःच सपाट करून घेतील. मी सांगितलं, पुरुषांइतक्याच ओव्हर, तसाच चषक, बॅनरवर नाव. आणि ज्यांच्यासमोर पोरीला बोलले त्यांच्यासमोर माफी. जाऊबाई म्हणाल्या, बाकीचं होईल, माफी नाही मागायचे ते. निघताना दारात थांबल्या. हळूच म्हणाल्या, "सोडू नकोस."

१३ डिसें.
वाल उगवलेत. दाट, एकसारखे.
भाऊजी रोलर घेऊन आले. नवा बॅनरही. मुलींचा सामना वरच, मोठ्या अक्षरांत. ओव्हर मान्य, चषक मान्य. माफीचं नाव नाही.
दर्शू मला आत घेऊन गेली. "आई, हो म्हण. माफी मला नकोय. तुला हवीय."
खरंय. मलाच हवीय.
भाऊजी बांधावर बसलेत. दर्शू बूट घालून ओसरीत. चूल पेटवायची सोडून लिहीत बसलेय, कारण बाहेर गेले की बोलावं लागेल. आणि 'हो' अजून तोंडातून निघत नाही.