खाडीपल्याडची सोयरीक

प्रिय योगिनी बाय,

तू जपानहून धाडलेला पुलाचा व्हिडिओ मितेशने टीव्हीवर लावून दिला. तुझी आई म्हणाली, ‘अगं बाई, हा तर पाळणाच टांगलाय समुद्रावर!’ माझी शाळा चौथीपर्यंतची, पण मी मोबाइलवर शोधून सगळं वाचून काढलं. भार मनोऱ्यांवरून दोरांत जातो आणि दोर दोन्ही किनाऱ्यांना जखडलेले असतात. तुझ्या भावापेक्षा मला जास्त कळलं, हे त्याला सांगू नकोस.

मुलाला नाव ठेवायला जागा नाही. केन्जी मासळी खातो, आईला मानतो, तुला हसवतो. जपानी म्हटल्यावर तुझी आई म्हणाली, ‘आपल्यातल्यांनी तरी काय मोठे दिवे लावलेत?’ पण त्याचं घर पुलापलीकडच्या बेटावर आहे म्हणालीस आणि गाडी अडली.

आपल्या घरात खाडीपल्याड लेक देत नाहीत, एवढंच तुला माहीत. गोदा, माझी धाकटी बहीण, समोरच्याच गावात दिली होती. तिच्या घरचा दिवा आपल्या ओट्यावरून दिसायचा. बाळंतपणात अडली तेव्हा डॉक्टर अलीकडे डोंबिवलीत आणि खाडीला उधाण. पंढरी तांडेलाने होडी सोडली नाही, त्याचं बरोबरच होतं. डॉक्टरला घेऊन कल्याणवरून वळसा घालून आम्ही पोचलो तोवर ती गेली होती. आता मोठागावाला पूल झालाय, गाड्या सुसाट पलीकडे जातात, पण आपल्या घरातून सोयरीक काही गेली नाही.

वादळात तुमचा पूल बंद ठेवतात का, असं मी फोनवर विचारलं. तू सरळ सांगितलंस, हो, कधीकधी ठेवतात. आई शेजारीच होती. उठली आणि चिंबोऱ्या साफ करत बसली.

आज सकाळी म्हणाली, ‘तिला लिहून कळवा. फोनवर नुसतं हो हो करते कार्टी.’ म्हणून हे पत्र. लग्न कर, बाय. आमचा दोघांचा होकार आहे. आईची अट एकच: दिवस भरत आले की बेटावर थांबायचं नाही, दवाखान्याच्या किनाऱ्याला खोली घ्यायची. ती येऊन राहील. पासपोर्टच्या कामाला मितेशला घेऊन आत्ताच ठाण्याला गेलीय. तिथल्या साहेबाने जपानला कशाला जाता विचारलं तर फिरायला म्हण, असं मी शिकवलं. तर माझ्यावरच उखडली, ‘खोटं कशाला बोलू? लेकीचं बाळंतपण आहे म्हणून सांगेन!’

लग्नाची तारीख तेवढी लवकर कळव.

तुझाच,
बाबा