लाल खुंटी बुडाली

डहाणू. फेब्रुवारी २०१७, पौर्णिमा, संध्याकाळ.

आज माझी लाल खुंटी बुडाली आणि मला इतका आनंद झालाय की पायाचा चिखलही अजून धुतलेला नाही!

सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रासाठी खाडीकाठची जागा मीच निवडली होती. भरतीचं पाणी मोजलं, त्याच्या वर खुंटी ठोकली, नकाशाही काढला. गेल्या आठवड्यात तिथे बोंबील वाळत घालणाऱ्या हिराबाईंनी विचारलं, "मोजलंस कधी?"

"अष्टमीला."

त्या हसतच सुटल्या. "अष्टमीला भांगाची भरती गो, पानी चढतच नाय. पुनवेला ये."

इंजिनिअर झाले, जन्म इथलाच, आणि तिथी बघायचं सुचू नये?

आज दुपारच्या भरतीला गेले. खुंटीचं लाल टोकसुद्धा दिसेना. इथे टाक्या बांधल्या असत्या तर दर उधाणाला गावची घाण खाडीत, म्हणजे यांच्याच मासळीत! साहेबांना लगेच फोन केला, चूक माझी म्हणून सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. "कागदावर आहे तोवर कळलं, बरं झालं," एवढंच म्हणाले.

ओहोटी लागल्यावर हिराबाईंनीच खुंटी उपटली आणि मला बोंबील टांगायच्या बांबूंच्या वलांडीमागच्या उंचवट्यावर नेलं. "इथवर पानी आलेलं माझ्या आजीनं पन नाय पायलं." दगडानं खुंटी स्वतः ठोकली, हात झटकले, माझ्याकडे रोखून बघितलं.

"पन वास सुटला ना, तर बोंबलांसंगती तुला पन वाळत घालीन."